गर्दीतल्या गॅलेक्सी विझतात का? एका एमएस्सी प्रोजेक्टचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे एका एमएस्सी फिजिक्सच्या प्रोजेक्टचं प्रकरण आहे. गाइड मी होते, म्हणजे जे चुकलं त्यातला निम्मा वाटा माझा, हे आधीच सांगून टाकते. विद्यार्थिनीचं नाव, कॉलेज, साल काहीच लिहीत नाहीये, तिला विचारूनच हे लिहितेय. एवढंच सांगते की ती कोकणातली आहे, कारण ते पुढे लागणार आहे.

विषय तिनेच आणला. कोमा क्लस्टरचा फोटो मोबाइलवर घेऊन आली आणि म्हणाली, "मॅडम, ह्या सगळ्या पिवळ्याच कशा काय? एक पण निळी नाही." अगदी एक पण नाही असं नाही, कडेला बघितलं तर चार-दोन सापडतात, पण प्रश्न बरोबर होता. कोमा आपल्यापासून साधारण ३२ कोटी प्रकाशवर्षांवर, हजाराहून जास्त गॅलेक्सी एका ठिकाणी गोळा झालेल्या. (दीर्घिका हा मराठी शब्द आहे, छान आहे, पण लॅबमध्ये कोणी म्हणत नाही, म्हणून मीही गॅलेक्सीच लिहिणार.) निळा रंग दिसतो तो ताज्या ताऱ्यांचा. मोठे निळे तारे उधळे असतात, काही कोटी वर्षांत जळून संपतात, त्यामुळे गॅलेक्सी निळी दिसतेय म्हणजे तिथे आत्ता-आत्तापर्यंत तारे जन्मतायत. पिवळी-लाल दिसतेय म्हणजे चूल विझून बराच काळ झाला.

प्रश्न नवा अजिबात नाही. १९८० मध्ये ॲलन ड्रेस्लर ह्या खगोलशास्त्रज्ञाने ५५ क्लस्टरमधल्या गॅलेक्सी तपासून दाखवलं की गर्दी वाढते तशा स्पायरल, म्हणजे फिरकीसारखे हात असलेल्या गॅलेक्सी, कमी होतात आणि लंबगोल नि भिंगासारख्या गॅलेक्सी वाढतात. त्याच्याही आधी १९७२ मध्ये गन आणि गॉट यांनी एक कारण सुचवलं होतं. क्लस्टरमधली मोकळी जागा खरी मोकळी नसते, तिथे काही कोटी डिग्री तापलेला विरळ गॅस पसरलेला असतो, आणि गॅलेक्सी त्यातून सेकंदाला हजारेक किलोमीटरने जायला लागली की समोरून वारा लागतो. तो वारा तिचा स्वतःचा थंड गॅस उडवून नेतो. तारे जागेवरच राहतात, ते इतके लहान आणि इतके लांब-लांब आहेत की वाऱ्याच्या हाताला काही लागतच नाही. वेग दुप्पट झाला की दाब चौपट, म्हणून क्लस्टरच्या मध्याकडे झेपावणाऱ्या गॅलेक्सींचे हाल जास्त. आबेल ८५ नावाच्या क्लस्टरमध्ये जेओ२०१ म्हणून एक आहे, सेकंदाला ३००० किलोमीटरहून जास्त वेगाने घुसलेली, मागे गॅसची शेपूट, जेलीफिशसारखी. आपल्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहावरच्या यूव्हीआयटी दुर्बिणीने तिचा अल्ट्राव्हायोलेट फोटो घेतलाय आणि त्या शेपटीतसुद्धा नवे तारे जन्मताना दिसतात. हा फोटो आमच्या प्रोजेक्टच्या कव्हरवर होता, प्रोजेक्टशी तसा थेट संबंध नसताना.

दुसरं कारण जरा शांतपणे मारणारं. १९८० मध्येच लार्सन, टिन्स्ली आणि कॅल्डवेल यांनी मांडलेलं. वर्गात मी हे सिलिंडरचं उदाहरण देऊन सांगते: पहिल्या प्रकारात कोणीतरी चालू सिलिंडरच उचलून नेतो, दुसऱ्या प्रकारात फक्त पुढचा सिलिंडर यायचा बंद होतो. आहे तो पुरेपर्यंत स्वयंपाक चालू. गॅलेक्सीला बाहेरून जो ताजा गॅस सावकाश मिळत असतो तो मोठ्या क्लस्टरमध्ये किंवा ग्रुपमध्ये पडल्यावर मिळेनासा होतो, आणि साध्या स्पायरलमध्ये तारे बनवायला तयार असलेला मॉलिक्युलर गॅस आत्ताच्या खर्चाने दोनेक अब्ज वर्षंच पुरतो.

तर आमच्याकडे होतं काय? एक लॅपटॉप, एक सेमिस्टर, आणि स्लोन सर्व्हे नावाच्या आकाशाच्या मोठ्या पाहणीचा फुकट डेटा. न्यू मेक्सिकोतली अडीच मीटरची दुर्बीण, लाखो गॅलेक्सींचे स्पेक्ट्रम (प्रकाश रंगांत फोडून केलेली नोंद), आणि त्यावरून काढलेले ताऱ्यांचं वस्तुमान आणि तारे बनायचा दर ह्यांचे एमपीए-जेएचयू नावाचे टेबल, कोणालाही उतरवून घेता येतात. एसक्यूएल क्वेरी लिहायला ती दोन दिवसांत शिकली. मला दोन आठवडे लागले होते एकेकाळी.

गर्दी मोजायची पद्धत आम्ही सगळ्यात सोपी निवडली: प्रत्येक गॅलेक्सीचा पाचवा शेजारी किती लांब आहे ते बघायचं, सेकंदाला १००० किलोमीटर अलीकडे-पलीकडे एवढ्या वेगाच्या खिडकीत (लांबची गॅलेक्सी जास्त वेगाने दूर जाते, म्हणून अंतराच्या जागी वेग). शेजारी जवळ म्हणजे गर्दी दाट. हा पहिला निर्णय आणि आम्ही तो चहा पिता-पिता घेतला, पाच मिनिटांत. त्याबद्दल शेवटी बोलते.

पहिला ग्राफ आणि अडचण

विझलेली कोणाला म्हणायचं ह्याची रेघ प्रचलितच घेतली: वर्षाला जेवढं वस्तुमान नव्या ताऱ्यांत जातं ते आधीच्या ताऱ्यांच्या वस्तुमानाच्या १०० अब्जाव्या भागापेक्षा कमी असेल तर विझलेली. आडव्या अक्षावर गर्दी, तिचे टप्पे म्हणजे बिन पाडून, उभ्या अक्षावर विझलेल्यांची टक्केवारी. ग्राफ इतका सुंदर आला की मला स्वतःलाच शंका यायला हवी होती. डावीकडून उजवीकडे जिना चढल्यासारखे ठिपके, एकही खाली-वर नाही. ती तर म्हणाली, मॅडम झालं की प्रोजेक्ट, आता लिहायलाच घेते. मी हो म्हणाले. खरंच म्हणाले.

सुदैवाने पुण्याच्या एका संशोधन संस्थेतल्या एका सरांनी मधून-मधून ऑनलाइन बघायचं कबूल केलेलं होतं. त्यांना स्क्रीन शेअर करून ग्राफ दाखवला, त्यांनी छान आहे म्हटलं, आणि मग विचारलं, "प्रत्येक बिनमधल्या गॅलेक्सींचं सरासरी वजन किती आहे?"

आम्ही दोघीही गप्प. काढलंच नव्हतं.

तिथेच बसून काढलं, आणि वजनाचा जिना पण तसाच वर चढत गेला. दाट बिनमध्ये जड गॅलेक्सी, विरळ बिनमध्ये हलक्या. इथे अडचण अशी की जड गॅलेक्सी गर्दी असो-नसो, स्वतःच्या कर्मानेच विझतात. मधलं ब्लॅक होल गॅस तापवून ठेवतं, गॅस थंड होऊन खाली येत नाही, वगैरे, त्यातला नेमका वाटा कशाचा हा वेगळा वाद. पण साधारण ३० अब्ज सूर्यांएवढ्या वस्तुमानाच्या आसपास हा बदल दिसतो हे स्लोनच्याच डेटावरून २००३ पासून माहीत आहे. मग आमचा जिना कशाचा, गर्दीचा की वजनाचा?

कॉल संपल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे आमच्या गावासारखंच की मॅडम. आमच्या वाडीत सगळी म्हातारी माणसंच दिसतात. कोणी म्हणेल हवा अशी आहे की माणूस लवकर म्हातारा होतो. तसं नाहीये ना, तरुण सगळे मुंबईला."

मी आजवर हा मुद्दा जितक्या वेळा शिकवलाय त्यात याच्याइतकं चपखल उदाहरण मला सुचलेलं नाही.

समोर असलेले पर्याय

सेमिस्टरचा अर्धा वेळ गेलेला. पर्याय तसे चार होते.

एक, आहे तसंच सबमिट करायचं, मर्यादा म्हणून एक परिच्छेद टाकायचा की वजनाचा परिणाम वेगळा केलेला नाही. मार्क मिळाले असते, बहुतेक चांगलेच मिळाले असते. खोटं काही नव्हतं त्यात, पण मग प्रोजेक्टचं नाव बदलावं लागलं असतं, कारण नावात 'परिसराचा परिणाम' होता आणि आत परिसराचा परिणाम सिद्धच होत नव्हता.

दुसरा पर्याय तिला फार आवडलेला: आकडेवारी सोडून एकच गॅलेक्सी घ्यायची. कोमामधलीच एनजीसी ४९२१, मोठी स्पायरल पण हातांमध्ये जीव नाही, फिकी. अशांना सिडनी व्हॅन डेन बर्ग यांनी १९७६ मध्ये 'ॲनिमिक स्पायरल' म्हटलं, रक्त कमी पडलेली. कहाणी मस्त झाली असती. पण एका गॅलेक्सीवरून कारण सांगता येतं, प्रमाण नाही, आणि तिचा मूळ प्रश्न 'सगळ्याच कशा पिवळ्या' असा होता.

तिसरा, खोडदच्या जीएमआरटी ह्या रेडिओ दुर्बिणीचा जुना डेटा आर्काइव्हमधून घेऊन हायड्रोजन गॅस बघायचा. चूल विझली का हे बघण्यापेक्षा सिलिंडरच बघायचा, म्हणजे खरं तर सगळ्यात थेट. ह्याला मीच नाही म्हटलं. रेडिओ डेटा साफ करायला शिकण्यातच सेमिस्टर गेलं असतं आणि मला स्वतःला ते धड येत नाही, गाइडला येत नसेल ते विद्यार्थ्याच्या गळ्यात बांधू नये.

चौथा, त्याच डेटात सारख्या वजनाच्या गॅलेक्सींची आपसात तुलना करायची. ऐकायला सगळ्यात साधा आणि कमी आकर्षक. तोच घेतला.

काय केलं: वजनाचे गट, आणि किती लांबपर्यंत बघायचं

वजनाचे गट पाडणं म्हणजे कोडची चार ओळींची गोष्ट. पण पाडायला गेल्यावर पुढचा खड्डा दिसला, आणि माझ्या मते अख्ख्या प्रकरणातला खरा निर्णय हा होता.

स्लोनच्या मुख्य नमुन्यात लाल फिल्टरमध्ये १७.७७ मॅग्निट्यूडपर्यंतच्याच गॅलेक्सी आहेत (उजळपणाचं माप, आकडा मोठा तितकी वस्तू अंधुक), त्याहून अंधुक नाहीत. आम्ही रेडशिफ्ट ०.०५ पर्यंतच्या घेतल्या होत्या (रेडशिफ्ट म्हणजे प्रकाश लाल बाजूला किती सरकला; जास्त तितकी गॅलेक्सी लांब). तिथे ही मर्यादा, अंतर वजा करून गॅलेक्सीच्या स्वतःच्या उजळपणात मांडली तर, उणे १९ च्या जवळ जाते. आता गंमत अशी की सारख्या वजनाच्या दोन गॅलेक्सी घेतल्या, एक निळी आणि एक विझलेली, तर निळी जास्त उजळ असते, तेवढ्याच वजनात. म्हणजे कडेला, लांबच्या अंतरावर, हलक्या निळ्या गॅलेक्सी यादीत येतात आणि तेवढ्याच वजनाच्या विझलेल्या गळतात. आम्ही मोजत होतो विझलेल्यांची टक्केवारी, आणि यादीच विझलेल्यांवर अन्याय करत होती. बिल भरणाऱ्यांच्या यादीवरून बंद घरं मोजण्यासारखं.

कागदावर हिशेब केला. विझलेल्या गॅलेक्सीला दर सूर्य-प्रकाशामागे तीनेक सूर्य वजन धरलं तर ०.०५ पर्यंत १० अब्ज सूर्यांच्या खालची यादी विश्वासाची नाही. आणि परिसराचा परिणाम सगळ्यात जास्त दिसायला हवा तो नेमका हलक्या गॅलेक्सींवर, कारण त्यांची पकड सैल, गॅस सहज जातो, आणि स्वतःहून विझायची सवय त्यांना नाही. म्हणजे जिथे उत्तर आहे तेवढाच भाग कापून टाकायचा होता.

पर्याय असा होता की ०.०३ पर्यंतच थांबायचं. मग मर्यादा खाली येते, साधारण ३ अब्ज सूर्यांपर्यंत यादी पूर्ण. पण आकाशाचं आयतन घनात कमी होतं, जवळजवळ पाचव्या भागावर येतं. जड गॅलेक्सी आधीच कमी, त्या तर हाताच्या बोटांवर राहतात असं नाही पण बिन्समध्ये फाटकं दिसायला लागतं. शिवाय जवळ आलं की स्पेक्ट्रम घेणारा फायबर, म्हणजे प्रकाश वाहून नेणारी काचेची तार, आकाशात फक्त ३ आर्कसेकंदांचा असतो (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग), तो रेडशिफ्ट ०.०२५ ला गॅलेक्सीच्या मधला पाचेक हजार प्रकाशवर्षांचा गोल बघतो, बस. बाहेरच्या हातांमध्ये तारे जन्मत असले तरी त्याला पत्ता नाही. टेबलात बाहेरच्या भागाची भर फोटोतल्या रंगांवरून घातलेली असते, त्यामुळे अगदी आंधळं नाही, पण ती भर आहे, मोजणी नाही.

ती म्हणाली ०.०३, मी म्हणत होते ०.०४ घेऊ, मधलं काहीतरी. मधलं का, तर मला सुरक्षित वाटत होतं एवढंच, दुसरं कारण मला देता आलं नाही. तिचं कारण स्पष्ट होतं: हलक्या गॅलेक्सींशिवाय ह्या प्रश्नाला अर्थच नाही. ०.०३ ठरलं. सगळ्या क्वेरी परत.

एकट्या आणि विझलेल्या

नवीन ग्राफमध्ये एक टोचणारी गोष्ट आली. सगळ्यात विरळ बिनमध्ये, सगळ्यात हलक्या गटात, थोड्या गॅलेक्सी विझलेल्या दिसत होत्या. आजूबाजूला कोणी नाही, वजन नाही, मग हिला विझवलं कोणी? ह्याच्याहूनही हलक्या, १ अब्ज सूर्यांच्या खालच्या गॅलेक्सींबद्दल तर २०१२ मध्ये स्लोनवरूनच दाखवलंय की मोठ्या शेजाऱ्यापासून ५० लाख प्रकाशवर्षांच्या बाहेर त्या जवळपास सगळ्याच जिवंत असतात. आमच्या त्यापेक्षा जड होत्या त्यामुळे नियम जसाच्या तसा लागत नाही, तरी वास येत होता.

पायथनमध्ये अजून चार फिल्टर लावण्यापेक्षा मी म्हटलं एकेकीचा फोटो उघड. दोन डझनांच्या आसपास होत्या. एका संध्याकाळी बसलो, लाइट दोनदा गेली, मोबाइलचं हॉटस्पॉट लावून सर्व्हेच्या साइटवर एकेकीचे आकडे टाकून चित्र बघत गेलो.

तिसरीच गॅलेक्सी. मध्ये आमची छोटी पिवळी, आणि वरच्या कोपऱ्यात, चौकटीतून निम्मी बाहेर गेलेली, एक धूसर मोठी पिवळट लंबगोल, इतकी मोठी की आधी तिला वाटलं कॅमेऱ्याचा डाग आहे. टेबलात त्या लंबगोलचा मागमूस नाही. का, तर फार उजळ वस्तूंचा स्पेक्ट्रम स्लोनने घेतलाच नाही, त्यांचा प्रकाश शेजारच्या फायबरमध्ये सांडतो म्हणून. म्हणजे आमची 'एकटी' गॅलेक्सी प्रत्यक्षात एका दांडगोबाच्या दारात बसलेली.

पुढच्या काहींना वेगळं कारण. स्लोनमध्ये ॲल्युमिनियमच्या थाळीला भोकं पाडून त्यात हाताने फायबर खोचायचे, एका थाळीत ६४० फायबर, आणि फायबरच्या टोकाची जाडी अशी की दोन भोकं ५५ आर्कसेकंदांहून जवळ पाडता येत नाहीत. तेवढ्या जवळच्या दोघींपैकी एकीलाच नंबर लागतो, दुसरी राहते. आमच्या अंतरावर ५५ आर्कसेकंद म्हणजे नव्वदेक हजार प्रकाशवर्षं, आपल्या आकाशगंगेच्या रुंदीच्या जवळपास. आणि हे गळणं नेमकं गर्दीतच जास्त होणार ना! गर्दी मोजायचं यंत्र गर्दीतच डोळे मिटतं. हे मी वाचलेलं होतं, परीक्षेला लिहिलेलं पण होतं, पण चित्रात दोन गॅलेक्सी एकमेकींना चिकटून आणि टेबलात एकच ओळ, हे बघितल्यावर कळलं.

उरलेल्यांपैकी काही सर्व्हेच्या नकाशाच्या कडेवर होत्या, पलीकडे शेजारी असतील पण पलीकडे कोणी बघितलेलंच नाही. त्यावर उपाय सोपा, पाचव्या शेजाऱ्यापेक्षा कड जवळ असेल तर ती गॅलेक्सी बाद. उजळ गॅलेक्सी जुन्या कॅटलॉगमधल्या रेडशिफ्टवरून हाताने भरल्या. चिकटलेल्यांसाठी फोटोतल्या शेजारणीला तात्पुरती तीच रेडशिफ्ट देऊन एकदा आणि न देता एकदा, असा ग्राफ दोनदा काढला. खरं उत्तर मध्ये कुठेतरी.

हे सगळं करून पण एक-दोन शिल्लक राहिल्या ज्या खरोखर एकट्या आणि खरोखर विझलेल्या दिसत होत्या. त्या तशाच ठेवल्या. कदाचित कधीकाळी एखाद्या क्लस्टरमधून आरपार जाऊन बाहेर फेकल्या गेलेल्या असतील, असं होतं, पण आमच्याकडे पुरावा नव्हता म्हणून रिपोर्टमध्ये फक्त त्यांचे आकडे दिले.

सरासरी की टक्केवारी

इथे एक छोटा वाद झाला. तिला टक्केवारीसोबत तारे बनायच्या दराची सरासरी पण द्यायची होती, गर्दीनुसार सरासरी कशी घसरते ते. घसरत होतीच, गुळगुळीत. आणि त्यावरून तिने वाक्य लिहिलेलं की गर्दीत गॅलेक्सींचा तारे बनवायचा वेग हळूहळू मंदावतो.

मी म्हटलं, तुझ्या वाडीतल्या घरांच्या लाइट बिलाची सरासरी काढली तर मुंबईपेक्षा कमी येईल, त्याचा अर्थ प्रत्येक जण दिवे कमी लावतो असा होतो का? तिने लगेच उत्तर दिलं, निम्मी घरं गणपतीपर्यंत कुलूपबंद असतात.

मग फक्त जिवंत गॅलेक्सी वेगळ्या काढल्या आणि त्यांचाच दर गर्दीनुसार बघितला, सारख्या वजनाच्या गटात. रेघ जवळपास सपाट. दाट गर्दीत जी गॅलेक्सी जिवंत आहे ती बाहेरच्या आपल्या जोडीदारणीइतक्याच जोमात तारे बनवतेय, थोडी मागे, पण थोडीच. म्हणजे मंदावलेल्या गॅलेक्सींची गर्दी नाहीये, कुलूप लागलेल्यांची आहे. सपाट रेघेत तिला काहीच रस नव्हता, ती म्हणाली हा ग्राफ टाकायचा पण कशाला. मी हट्टाने पहिल्या पानावर घ्यायला लावला, कारण ह्यातूनच कळतं की शेवटचं बंद होणं झटक्यात होत असणार, नाहीतर अर्धवट मंदावलेल्या पुष्कळ दिसल्या असत्या. २०१३ मध्ये वेट्झेल आणि सहकाऱ्यांनी मोठ्या गॅलेक्सीभोवती फिरणाऱ्यांबद्दल हेच मांडलंय: आत पडल्यावर २ ते ४ अब्ज वर्षं काहीच न झाल्यासारखं चालतं, आणि मग पटकन संपतं. आधी सिलिंडर यायचा बंद, मग शेवटचा संपला की संपला. मला हे चित्र पटतं. वाऱ्याने उडवून नेणं नाट्यमय आहे, फोटो त्याचेच निघतात, पण बहुतेक गॅलेक्सी त्याने मरत असतील असं मला वाटत नाही, निदान छोट्या ग्रुपमध्ये तरी नाही.

निकाल

शेवटी जे हातात आलं ते असं. जड गटांमध्ये, म्हणजे साधारण ६०-७० अब्ज सूर्यांच्या वर, गर्दी असो-नसो, विझलेल्यांचं प्रमाण जवळपास सारखंच. पहिल्या सुंदर ग्राफमधला बराच चढ इथून आलेला होता, वाडीतल्या म्हाताऱ्यांसारखा. हलक्या गटांमध्ये मात्र गर्दीचा परिणाम स्पष्ट उरला, वजन सारखं ठेवून पण, चिकटलेल्यांची दुरुस्ती करून किंवा न करून पण. दिशा तीच होती जी २०१० मध्ये पेंग आणि सहकाऱ्यांनी खूप मोठ्या नमुन्यावर दाखवली होती: वजनाने विझणं आणि परिसराने विझणं हे दोन वेगळे हिशेब आहेत आणि ते वेगळे करता येतात. नवीन शोध काही नाही, एमएस्सी प्रोजेक्टकडून ती अपेक्षाही नव्हती.

पहिला ग्राफ काढून टाकायचा का हा प्रश्न आला. तिला लाज वाटत होती. ठेवला, 'फसवा ग्राफ' अशा कॅप्शनसकट, शेजारी दुरुस्त केलेला.

व्हायव्हात बाहेरच्या परीक्षकांनी तिसऱ्याच मिनिटाला विचारलं, "तुमचा सगळ्यात दाट बिन म्हणजे नक्की आकाशात कुठे आहे?" आणि इथे आमची पंचाईत. रेडशिफ्ट ०.०३ च्या आत स्लोनच्या भागात खरी दाट जागा म्हटली की कोमा आणि त्याच्या शेजारचा आबेल १३६७, दोन्ही ०.०२३ च्या आसपास, एकाच सुपरक्लस्टरमधले. म्हणजे आम्ही ज्याला 'दाट परिसर' म्हणत होतो तो मुख्यतः एकच परिसर होता. ०.०५ वरून ०.०३ वर आलो तेव्हा आयतन पाचपटीने घटलं हे आम्ही लिहिलं होतं, पण त्याबरोबर वेगवेगळ्या क्लस्टरची संख्या किती घटली हे दोघींच्याही डोक्यात आलं नव्हतं. तिने मात्र आदल्या रात्री, मला न सांगता, कोमा आणि आबेल १३६७ काढून ग्राफ परत काढून ठेवला होता. लॅपटॉप फिरवून दाखवला. कल त्याच दिशेला, पण एरर बार (मोजणीतली अनिश्चितता दाखवणाऱ्या रेघा) एवढे मोठे की शेवटच्या बिनबद्दल ठामपणे काही बोलता येणार नाही, आणि तिने तसंच सांगितलं. मार्क चांगले मिळाले.

परत केलं तर

पहिलं म्हणजे ते चहाबरोबरचं पाच मिनिटांचं ठरवणं. पाचवा शेजारी हे माप वाईट नाही, पण चार जणींच्या छोट्या ग्रुपमध्ये पाचवी शेजारीण ग्रुपच्या बाहेरच सापडते आणि ग्रुपमधली गॅलेक्सी विरळ भागातली म्हणून नोंदली जाते. आणि मोठ्या क्लस्टरमध्ये उलटं: तिथे आपापसातलेच वेग सेकंदाला हजारेक किलोमीटरचे, ते अंतर म्हणून वाचले तर दीड-दोन कोटी प्रकाशवर्षं रुंदीचा क्लस्टर आपल्या दिशेने चार-साडेचार कोटींनी ताणला जातो, आमच्या खिडकीतून त्याचे खरे सभासदच बाहेर पडत होते. यांग आणि सहकाऱ्यांचा ग्रुप कॅटलॉग आहे, स्लोनवरच केलेला, त्यात कोण घरातली मुख्य आणि कोण भोवती फिरणारी हे वेगळं दिलेलं आहे. सिलिंडर बंद होतो तो भोवती फिरणारीचा. आमचा खरा प्रश्न 'किती गर्दी' हा नव्हताच बहुतेक, 'कोणाच्या घरात राहतेस' हा होता, आणि तो दुसऱ्या आठवड्यात विचारता आला असता.

चित्रं पहिल्या आठवड्यात बघायची. आमच्यासारखी शेवटाकडे, शंका आल्यावर नाही. रँडम पन्नास काढायच्या, विरळ बिनमधल्या आणि दाट बिनमधल्या, आणि नुसतं बघत बसायचं.

०.०३ की ०.०५ ह्या वादात आम्ही दोघींनी एकच कापाकापी सगळ्यांना लावायची असं धरून चाललो होतो, आणि ते मला व्हायव्हाहून परत येताना एसटीत सुचलं, उशिराच. जड गॅलेक्सी लांबूनही पूर्ण दिसतात, त्यांना ०.०५ पर्यंत, पाहिजे तर त्याच्याही पुढे जाऊ द्यायचं होतं, आणि फक्त हलक्या गटाला ०.०३ वर थांबवायचं होतं. प्रत्येक वजनाच्या गटाला आपापलं आयतन. कोमाचा प्रश्न हलक्या गटात तरीही राहिलाच असता, पण जड गटात क्लस्टर भरपूर मिळाले असते आणि 'जड गॅलेक्सींना गर्दीचा फरक पडत नाही' हे वाक्य तरी एका सुपरक्लस्टरच्या भरवशावर उभं राहिलं नसतं. तिला मेसेज केला तर उत्तर आलं, मॅडम हे मी व्हायव्हाच्या आदल्या रात्रीच करणार होते, पण क्वेरी रांगेत अडकली.